कानबाईनंतरचा पंधरवडा

बाविस्कर मॅडमनी वहीच्या पानावर लिहून पाठवलं,
पान चारदा दुमडलेलं :
'यामिनीच्या डोक्यात उवा आहेत. कृपया लक्ष द्यावे.'
'कृपया'खाली लाल रेघ.

भारती नाशकात, नर्सिंगच्या ट्रेनिंगला.
चोपड्याला मी. जळक्या मोटारी रिवायंड करणारा.
मुलीच्या वेण्या मी आजवर फक्त
शाळेकडे जाताना पाठमोऱ्या पाहिलेल्या.

शेजारच्या वेणूबाई म्हणाल्या,
"रॉकेल लाय. एक रातमा मरतीन."
जळण्याचा वास माझ्या शर्टातून जात नाही,
रॉकेल काय करतं हे मला शिकवू नये.
त्यांच्या मुलाने कपाशीच्या औषधाची बाटली आणली,
झाकणभर पुरे म्हणे.
बाटलीवरचा लाल त्रिकोण मी त्यालाच दाखवला
आणि बाटली त्याच्या हातात परत दिली.
कुणीतरी कात्रीचं नाव काढलं.
यामिनी दोन्ही वेण्या मुठीत धरून झोपली.

रात्री फोनवर भारती :
"त्या उडत नाहीत रे. उड्याही मारत नाहीत.
डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, बस.
घाणीचा काही संबंध नाही, स्वच्छ केसांतही राहतात.
तेल चोपड, बारीक फणी घे, मुळापासून टोकापर्यंत ओढ.
दर तीन दिवसांनी, पंधरा दिवस.
मध्येच कंटाळू नकोस.
लिखा कंटाळत नाहीत."

डोक्याला डोकं.
श्रावणातला तो रविवार, अमळनेरला दादाकडे कानबाई,
एका सतरंजीवर अकरा पोरी, मध्ये एक मोबाइल.
शेजारची शिरीनही त्यांच्यात.
रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत म्हणून तिला वेगळी खीर दिली होती.
उवांनी असलं काही पाळलं नसणार.

दादाकडे फोन केला. वहिनी म्हणाली,
"आमच्याकडे नाही हो असलं काही."
मागे टक्, टक्,
फणी कागदावर झटकल्याचा आवाज.
चार दिवसांपूर्वी मला तो ओळखू आला नसता.

मी दुकानातला दिवा घरी आणला, भिंग आणलं.
चौतीस गेजची तार बोटांवर खेळवणारा माणूस मी,
केस त्याहून बारीक, पण भाषा तीच :
एक बट, पुन्हा एक बट, गुंता झाला तर ओढायचं नाही.
लिख वार्निशच्या थेंबासारखी चिकटलेली,
झटकून जात नाही,
दोन नखांत धरून टोकापर्यंत न्यावी लागते.

हिशेब तिने माझ्याच रजिस्टरात लिहिला.
'पाच एचपी सबमर्सिबल, दगा पाटील, बाकी आठशे'
याच्या खाली :
'सोमवार. मोठ्या चौदा. लिखा मोजल्या नाहीत.'

मान खाली घातली की ती बोलायची.
शेवटच्या बाकावर बसवलंय. तन्वी डबा घेत नाही.
गणिताचा पेपर तिने गादीखाली ठेवलाय, सतरा मार्क.
मी काही म्हणालो नाही,
माझ्या तोंडात हेअरपिन होती.
पण दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो,
मॅडमना म्हणालो, सगळ्यांचीच डोकी बघा, एकटीचं नको.
त्यांनी नकळत स्वतःचा कान खाजवला.

दहाव्या दिवशी दोन. तेराव्याला एकही नाही.
"आता तुम्ही बसा, पप्पा."
बसलो.
"इथे तर रानच विरळ," ती म्हणाली, "लपतील कुठे?"
तरी एक सापडली. कानामागे.
ती इतकी खूश झाली की मला राग येईना.

त्याच रात्री भारती, होस्टेलच्या जिन्यातून, हळू आवाजात :
"ऐक, माझंही खाजतंय."
कानबाईला एका रात्रीसाठी आली होती,
यामिनीच्या उशीवर झोपली होती.
मी म्हणालो, "ये शनिवारी."
"काय करशील?"
"फणी आहे," मी म्हणालो. "दिवा आहे."

पंधरवडा संपला. कागद पांढराच राहिला.
गुरुवारी मी दगा पाटलाची मोटार उघडून बसलो होतो,
यामिनी तेलाची बाटली घेऊन दारात.
"बघायचं नाही का आज?"
काही नाही गं आता, म्हणणार होतो.
तिने आधीच वेणी सोडली होती.